राऊल आलेग्रे आणि इतर : मेक्सिकन किकरांची कॉलेज फुटबॉलमधली वाट

ऑस्टिनकर

राऊल आलेग्रे हे नाव इथे किती जणांना माहीत आहे? सोमवारी रात्रीचा एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, सामना स्पॅनिश वाहिनीवर लावला, की अल्वारो मार्तिनच्या जोडीला वर्षानुवर्षं जो आवाज ऐकू यायचा तो आलेग्रेचा. पण मला त्याच्या त्याआधीच्या आयुष्याबद्दल लिहायचं आहे.

जन्म १९५९, मेक्सिकोच्या कोआविला राज्यातलं तोर्रेओन. शाळेत असताना एक्स्चेंज स्टुडंट म्हणून तो वॉशिंग्टन राज्यातल्या शेल्टन या छोट्या गावात आला. पाय सॉकरचा. तिथल्या शाळेच्या फुटबॉल संघाला किकर मिळाला आणि या मुलाला पुढची दिशा मिळाली. आधी मोंटाना विद्यापीठ, मग इथे ऑस्टिनला टेक्सस विद्यापीठ. सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. १९८३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल संघ कॉलेजातले खेळाडू निवडतात त्या फेरीत, कोणीच निवडलं नाही. डॅलस काउबॉईजनी घेतलं खरं, पण त्यांच्याकडे किकर आधीच होता, म्हणून बाल्टिमोर कोल्ट्सकडे पाठवून दिलं. पुढे न्यूयॉर्क जायंट्सबरोबर १९८६ च्या हंगामात सुपर बोल, म्हणजे एनएफएलची अंतिम लढत, जिंकला.

डॅलसमध्ये आधीपासून असलेला तो किकर म्हणजे राफाएल सेप्तियेन. तोही मेक्सिकोचाच, लुइझियानातल्या कॉलेजातून आलेला. सेप्तियेनच्या आधी त्याच जागेवर एफ्रेन हेरेरा होता, जन्म ग्वादालाहारा, कॉलेज लॉस एंजेलिसचं यूसीएलए. याच काळात ॲरिझोनात झेंडेहास बंधू गाजत होते. म्हणजे साधारण १९७० ते १९८५ या काळात मेक्सिकोत जन्मलेले एवढे किकर अमेरिकन कॉलेजांतून वर आले. हे का झालं? आणि नंतर ओघ का आटला?

माझं मत आधीच सांगतो. या मुलांची खरी झेप एनएफएल नव्हतीच, कॉलेज हीच होती. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्या खेळाचे बाकीचे डावपेच कळायलाही वेळ लागतो अशा खेळात, एका कौशल्यावर त्यांनी जागा मिळवली आणि शिकून घेतलं. आपल्याकडे क्रीडाकोट्यातल्या मुलाकडे ज्या नजरेनं बघतात, तसं यांच्याकडे बघू नये असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

चिंचगूळ

अमेरिकन फुटबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नाही. तरी वाचतेय. किकर नक्की करतो काय?

मैदानी

चिंचगूळ, थोडक्यात सांगतो.

चेंडू पलीकडच्या टोकापर्यंत नेला की टचडाउन, ६ गुण. त्यानंतर किकरनं चेंडू दोन खांबांमधून मारला की आणखी १. टचडाउन जमत नसेल तर मध्येच थांबून खांबांतून किक मारायची, तो फील्ड गोल, ३ गुण. मधला गडी चेंडू मागे फेकतो, होल्डर तो झेलून जमिनीवर उभा धरतो, किकर धावत येऊन मारतो. चेंडू फेकल्यापासून किक बसेपर्यंत साधारण सव्वा सेकंद. तेवढ्यात समोरचे धिप्पाड गडी हात उंचावून अंगावर येत असतात.

अंतराचा हिशोब असा : खेळ जिथे थांबला त्यात १७ यार्ड मिळवायचे. १० यार्ड एंड झोनचे, कारण खांब त्याच्या मागच्या रेषेवर असतात, आणि ७ यार्ड होल्डर मागे बसतो ते. २८ यार्डांवर अडकलात तर किक ४५ यार्डांची.

पूर्ण सामन्यात किकर मैदानात जेमतेम दोन-चार मिनिटं दिसतो. आणि सामना मात्र बरेचदा त्याच्यावर येऊन थांबतो.

चिंचगूळ

म्हणजे लग्नात फक्त मंगलाष्टकांपुरते येणारे गुरुजी! कळलं. 😄

गणितप्रेमी

ऑस्टिनकर, 'का झालं' याचं उत्तर मेक्सिकोत शोधण्याआधी हंगेरीत शोधावं लागेल.

१९६० च्या सुमारापर्यंत अमेरिकेत किक सरळ धावत येऊन बुटाच्या टोकानं मारायचे. हंगेरीतल्या १९५६ च्या उठावानंतर तिथून आलेल्या कुटुंबातला पीट गोगोलाक कॉर्नेल विद्यापीठात पोचला आणि तिरका धावत येऊन पायाच्या वरच्या भागानं, म्हणजे सॉकरच्या पद्धतीनं मारू लागला. १९६४ मध्ये तो बफेलो बिल्सकडे गेला. त्याचा भाऊ चार्ली प्रिन्स्टनमध्ये तेच करत होता. तिरक्या किकेत पायाचा झोका लांब असतो आणि चेंडूला जास्त पृष्ठभाग लागतो, म्हणून ताकद आणि दिशा दोन्ही सुधारतात. प्रशिक्षकांच्या हे लक्षात यायला पाच-सात वर्षं लागली. टोकानं मारणारा शेवटचा नामवंत किकर मार्क मोझली १९८६ पर्यंत टिकला.

आता चित्र बघा. १९७० च्या आसपास प्रत्येक कॉलेजला सॉकरचा पाय हवा आहे आणि अमेरिकन मुलं सॉकर फारसं खेळत नाहीत. शेजारच्या देशात मात्र पोरगं चालायला लागलं की चेंडू लाथाडतं. शिवाय कॅलिफोर्निया, ॲरिझोना, टेक्सस या राज्यांत मेक्सिकन कुटुंबं आधीपासून आहेत. मागणी आणि पुरवठा एकाच वेळी, एकाच भागात जुळले.

ऑस्टिनकर

गणितप्रेमी, अगदी पटलं. फक्त एक जोडतो. हेरेरा आणि झेंडेहास लहान वयात कुटुंबाबरोबर किंवा कुटुंबामागून कॅलिफोर्नियात आलेले. आलेग्रे एकटा, तोही परीक्षेच्या वयात. त्यामुळे त्याची वाट मला वेगळी आणि जास्त अवघड वाटते.

वाळवंटी

फिनिक्सला राहते, त्यामुळे झेंडेहासांबद्दल मी लिहिलंच पाहिजे. इथे ते नाव अजून घेतलं जातं.

कुटुंब मिचोआकान राज्यातल्या कुरिमेओ गावचं. कॅलिफोर्नियात चीनोला स्थायिक झालं. लुइस झेंडेहास १९८१ ते ८४ ॲरिझोना स्टेटकडून खेळला आणि कारकिर्दीत ७८ फील्ड गोल, ३६८ गुण करून बाहेर पडला. दोन्ही तेव्हा कॉलेज फुटबॉलचे विक्रम होते. धाकटा भाऊ मॅक्स १९८२ ते ८५ ॲरिझोना विद्यापीठात, म्हणजे थेट कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे. त्याचे फील्ड गोल ७७. सख्ख्या भावांमध्ये फरक एकाचा! चुलतभाऊ टोनी नेवाडा विद्यापीठात होता. पुढे १९९१ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सकडून त्यानं हंगामात १७ पैकी १७ फील्ड गोल मारले.

या दोन विद्यापीठांचं वैर काय आहे ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. टूसॉन विरुद्ध टेंपी. १९८३ च्या सामन्यात वेळ संपता संपता मॅक्सनं ४५ यार्डांवरून किक मारली आणि ॲरिझोना १७-१५ जिंकलं. समोरच्या बाकावर लुइस बसलेला. १९८५ मध्ये लुइस नव्हता, पण मॅक्सनं ५७ यार्डांवरून बरोबरी केली आणि नंतर आणखी एक मारून १६-१३ असा सामना घेतला. ॲरिझोना स्टेटचा रोझ बोल, म्हणजे हंगामाअखेरचा मानाचा सामना, त्या दिवशी हुकला. ॲरिझोना स्टेटच्या जुन्या चाहत्यांसमोर मॅक्सचं नाव काढलं तर अजून चेहरा पडतो.

रानफूल

त्या घरात नाताळच्या जेवणाला काय बोलत असतील? आईनं कोणाच्या बाजूनं ओरडायचं? :)

वाळवंटी

रानफूल, आई दोन्ही किका बसाव्यात असंच म्हणणार!

पण पुढची पिढी ऐका. २००९ मध्ये याच घराण्यातल्या ॲलेक्स झेंडेहासनं ॲरिझोनासाठी शेवटच्या क्षणी किक मारून ॲरिझोना स्टेटला २०-१७ हरवलं. २०१० मध्ये त्याच सामन्यात त्याच्या एक-एक गुणाच्या दोन किका अडवल्या गेल्या आणि ॲरिझोना दुसऱ्या जादा डावात ३०-२९ हरलं. एका वर्षात खांद्यावरून खाली. मला त्या मुलाचं फार वाईट वाटलं होतं. एकाच आडनावानं त्या मैदानावर इतकं मिळवलं आणि तिथेच इतकं गमावलं.

अनाहूत

एक आक्षेप नोंदवतो. लुइसचे ७८ आणि मॅक्सचे ७७ आजच्या आकड्यांशी तोलू नयेत. तेव्हा कॉलेजमध्ये चेंडू जमिनीवर नाही, दोन इंच उंच टीवर, म्हणजे छोट्या बैठकीवर, ठेवायची परवानगी होती. ती १९८९ ला बंद झाली. आणि खांबांमधलं अंतर २३ फूट ४ इंच होतं, जे १९९१ ला १८ फूट ६ इंच केलं. पाच फुटांचा फरक म्हणजे कितीतरी चुकलेल्या किका तेव्हा आत गेल्या असत्या. १९७६ मध्ये ओवे योहान्सन या स्वीडिश मुलानं ॲबिलीन ख्रिश्चनकडून ६९ यार्डांची मारली, १९७७-७८ मध्ये तिघांनी ६७ ची मारली, हे सगळे विक्रम टीच्या जमान्यातले आहेत हे ध्यानात ठेवा.

गणितप्रेमी

अनाहूत, टी आणि खांब बरोबर. पण हॅश मार्क सोडलेत. चेंडू मैदानाच्या कडेला थांबला तर पुढचा खेळ सर्वांत जवळच्या हॅश मार्कवरून सुरू होतो. १९९३ पर्यंत कॉलेजमध्ये दोन हॅश मार्कांमधलं अंतर ५३ फूट ४ इंच होतं, नंतर ४० फूट केलं. एनएफएलमध्ये ते खांबांइतकंच, १८ फूट ६ इंच, म्हणजे तिथे किक जवळजवळ मधूनच. लुइसला २० यार्डांवरून इतक्या तिरप्या कोनातून मारायला लागायचं, की रुंद खांबही अरुंद दिसावेत. जवळची किक सोपी, हे तेव्हाच्या कॉलेजात खरं नव्हतं.

दोन्ही गोष्टी धरल्या तर मी त्या ७८ ला आजही मान देईन.

अनाहूत

कोनाचा मुद्दा दमदार आहे. मान्य. तरी टीवरून मारायची सवय झालेला किकर एनएफएलमध्ये गेला की त्याला सगळं नव्यानं बसवावं लागायचं, कारण तिथे टी नाही. कॉलेजात गाजलेले कित्येक पाय तिथेच अडखळले. आलेग्रेचं कौतुक मला यासाठीच जास्त वाटतं. पहिल्याच वर्षी कोल्ट्ससाठी ३५ पैकी ३० मारले होते त्यानं.

पेठेतला_गडी

आयला, भारी धागा. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या सामन्याला जी गर्दी असते, ती बघून बाहेरगावचा माणूस गार पडतो. तिथली पोरं ४० यार्डांवरून फ्री किक आरामात उचलून मारतात. मग आमच्यातलं कोण का नाही जात तिकडं किकर म्हणून?

ह्यूस्टनची_आई

पेठेतला_गडी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या घरात आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा मुलगा सॉकर खेळायचा. हायस्कूलच्या फुटबॉल प्रशिक्षकांनी त्याला पेनल्टी मारताना पाहिलं आणि बोलावून घेतलं. फ्री किक आणि फील्ड गोल एक नाही. सॉकरचा चेंडू गोल, पडलेला, आणि वाकवला तरी चालतो. हा चेंडू टोकदार, कोणीतरी बोटानं धरलेला, शिलाई खांबांकडे वळवलेली. तो वाकला की गेला. माझ्या मुलाला चेंडू उंच न्यायला शिकण्यातच पहिला हंगाम गेला, कारण सॉकरमध्ये त्याला कायम चेंडू खाली ठेवायला शिकवलं होतं. समोरून हात वर करून येणाऱ्यांच्या डोक्यावरून लगेच चढला पाहिजे.

आणि मानसिक भाग. सरावाला तो बाकीच्यांपासून लांब, मैदानाच्या कडेला एकटा किका मारत असायचा. संघ एकीकडे घाम गाळतोय आणि हा एकीकडे. चुकला की मात्र बसमध्ये सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. घरी येऊन जेवायचा नाही. मी आणि त्याचे बाबा दोघंही गप्प बसायचो, कारण आम्हाला सांत्वनाचे शब्दही त्या खेळातले येत नव्हते.

कॉलेजला त्याला शिष्यवृत्ती मिळाली नाही. किकरला बहुतेक वेळा आधी वॉक-ऑन म्हणून, म्हणजे स्वतःच्या खर्चानं यायला सांगतात, जमलं तर पुढे बघू म्हणतात. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेनं १९७३ मध्ये संघामागे १०५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा घातली, १९७८ ला ९५, १९९४ पर्यंत ती ८५ वर आली आणि २०२५ पर्यंत तशीच होती. मोजक्या जागा असल्या की प्रशिक्षक त्या आधी धावणाऱ्यांना आणि अडवणाऱ्यांना देतात. आता कोल्हापूरच्या मुलाचा विचार करा. परदेशी विद्यार्थ्याची पूर्ण फी भरून, शिष्यवृत्तीची खात्री नसताना, एका किकेच्या आशेवर कोण येणार?

म्हणून ऑस्टिनकर म्हणतात ते मला पटतं. आलेग्रे १९८० च्या सुमारास जे करून गेला, ते एका आईच्या नजरेनं बघितलं तर अंगावर काटा येतो.

पेठेतला_गडी

ताई, मनापासून आभार. आता कळलं. तुमच्या पोराला सांगा, कोल्हापुरातनं एकजण त्याच्या बाजूनं ओरडतोय.

मोंतेरेची_पाहुणी

नोकरीमुळे मोंतेरे शहरात राहत होते, म्हणून एक गैरसमज दूर करावासा वाटतो. मेक्सिकोला अमेरिकन फुटबॉल परका नाही. तिथे विद्यापीठांचं स्वतःचं फुटबॉल कित्येक दशकांपासून आहे. मेक्सिको सिटीत उनामचे (राष्ट्रीय विद्यापीठाचे) पुमास विरुद्ध पोलितेक्निको हे जुनं वैर. मोंतेरेत तेक्नोलोहिकोचे बोर्रेगोस विरुद्ध राज्य विद्यापीठाचे तिग्रेस. त्या सामन्याच्या शनिवारी रस्त्यावर निळं आणि पिवळं असे सरळ दोन भाग पडतात. २००५ मध्ये आस्तेका स्टेडियमवर कार्डिनल्स विरुद्ध फोर्टीनाइनर्स हा अमेरिकेबाहेरचा पहिला नियमित एनएफएल सामना झाला, त्याला १,०३,४६७ प्रेक्षक होते.

मला कोड्यात टाकणारी गोष्ट अशी, की मेक्सिकोत इतकं कॉलेज फुटबॉल असूनही गाजलेले मेक्सिकन किकर त्या विद्यापीठांतून आले नाहीत. ते सॉकरच्या मैदानावरून, अमेरिकन हायस्कूल आणि अमेरिकन कॉलेज या वाटेनं आले. दोन्ही देशांच्या कॉलेजांमध्ये पूल कोणी बांधलाच नाही.

गणितप्रेमी

पाहुणी, फार महत्त्वाचं लिहिलंत. पूल बांधला की काय होतं ते ऑस्ट्रेलियाकडे बघून कळतं. मेलबर्नमधली प्रोकिक ऑस्ट्रेलिया ही संस्था तिथल्या मुलांना पंटर, म्हणजे चेंडू हातातून सोडून लांब लाथाडणारा गडी, म्हणून तयार करते आणि अमेरिकन कॉलेजांकडे पाठवते. यूटा विद्यापीठाचा टॉम हॅकेट त्यातलाच. त्यानं २०१४ आणि २०१५ असा सलग दोनदा सर्वोत्तम पंटरचा रे गाय पुरस्कार घेतला. मेक्सिकन किकरांच्या बाबतीत असं नियोजन कधी नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या योगायोगानं पोचला.

मैदानी

ओघ आटला का, या प्रश्नावर माझं वेगळं मत आहे. ओघ आटला नाही, जन्मगाव बदललं.

रोबेर्तो आगुआयो घ्या. मेक्सिकोतून आलेल्या आईवडिलांचा, फ्लोरिडात वाढलेला मुलगा. फ्लोरिडा स्टेटमध्ये त्यानं एक गुणाच्या १९८ पैकी १९८ किका मारल्या, ४० यार्डांच्या आतली एकही चुकवली नाही, २०१३ चा सर्वोत्तम कॉलेज किकरचा लू ग्रोझा पुरस्कार घेतला. २०१६ मध्ये टँपा बेनं त्याला चक्क दुसऱ्या फेरीत घेतलं, किकरसाठी हे फार दुर्मिळ. आणि वर्षभरात सोडून दिलं. त्याचा भाऊ रिकीसुद्धा फ्लोरिडा स्टेटचाच किकर. घरात सॉकर, मैदानावर फुटबॉल, हे समीकरण तेच. फक्त आता सीमा मुलानं नाही, आईवडिलांनी ओलांडलेली आहे.

दुसरं कारण म्हणजे आता अमेरिकेतली लाखो मुलं सॉकर खेळतात आणि किकिंगचे खास कॅम्प आहेत. प्रशिक्षकाला बाहेर पाहायची गरज उरली नाही.

रानफूल

आगुआयोचं वाचून जीव कळवळला. कॉलेजात देव आणि वर्षभरात घरी.

ऑस्टिनकर

मैदानी, 'जन्मगाव बदललं' हे मान्य. तरी माझा मूळ मुद्दा यामुळे आणखी पक्का होतो असं मला वाटतं.

आगुआयोच्या वेळी कॉलेज हा एनएफएलचा जिना झाला होता. चुकला तर सगळं संपलं असं सगळ्यांनी त्याच्या डोक्यात भरलं. आलेग्रेला ड्राफ्टमध्ये कोणी विचारलं नाही तेव्हा त्याच्या हातात सिव्हिल इंजिनिअरिंग होतं. तो डॅलसला गेला तो हरवण्यासारखं फारसं काही नसलेला माणूस म्हणून. आणि म्हणूनच मला १९८६ चा नोव्हेंबर समजतो. मिनेसोटात जायंट्स मागे. चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, १७ यार्ड पुढे जाणं गरजेचं, फिल सिम्सनं पास टाकून ते मिळवले. मग आलेग्रेनं शेवटच्या काही सेकंदांत ३३ यार्डांवरून मारली आणि २२-२० जिंकून दिलं. त्या सामन्यात त्याचे पाच फील्ड गोल. पुढच्याच रविवारी डेन्व्हरविरुद्ध ३४ यार्डांवरून पुन्हा शेवटच्या क्षणी, १९-१६. जायंट्सनी हंगामात आधी दुसरे किकर वापरून बघितले होते, हा हंगाम सुरू झाल्यावर आलेला. दोन रविवारांत न्यूयॉर्कनं त्याला आपला मानला.

सुपर बोलची अंगठी मोठीच आहे. पण तोर्रेओन ते शेल्टन, शेल्टन ते मिझुला (मोंटाना विद्यापीठाचं गाव), मिझुला ते ऑस्टिन हे त्याच्या आधीचे टप्पे माझ्या लेखी जास्त धाडसाचे आहेत.

वाळवंटी

ऑस्टिनकर, हेरेराबद्दल तुम्ही एका ओळीत आटोपलंत. त्याच्यावर अन्याय झाला!

ऑस्टिनकर

भरपाई करतो.

९ सप्टेंबर १९७२. यूसीएलएच्या समोर नेब्रास्का, लागोपाठ दोन वर्षांचे राष्ट्रीय विजेते, ३२ सामने अपराजित. यूसीएलएचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य गडी, मार्क हार्मन, जो पुढे टीव्हीवरचा मोठा नट झाला. हेरेराच्या अखेरच्या फील्ड गोलनं यूसीएलए २०-१७ जिंकलं. नेब्रास्काची मालिका ग्वादालाहाराच्या मुलाच्या पायानं तुटली.

मैदानी

आणि सिॲटलमधला हेरेराही सांगायला हवा. काउबॉईजबरोबर १९७७ च्या हंगामात सुपर बोल जिंकून तो १९७८ ला सीहॉक्सकडे आला. तिथे क्वार्टरबॅक जिम झॉर्न हाच होल्डर. १९७९ मध्ये अटलांटाविरुद्ध सोमवार रात्रीच्या सामन्यात सगळे फील्ड गोलची वाट बघत असताना झॉर्न चेंडू घेऊन उठला, हेरेरा किक न मारता पुढे पळाला आणि त्यानं पास झेलून २० यार्ड काढले. सीहॉक्सनी सामना ३१-२८ जिंकला. किकर म्हणजे कडेला उभा राहणारा गडी, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्याची ती धाव जरूर शोधून बघावी. चिंचगूळ, तुम्ही आधी बघा.

चिंचगूळ

बघितली! गुरुजी मंगलाष्टकं सोडून वरातीत नाचले की हो! आता झेंडेहास भावांचा १९८३ चा सामना कुठे बघायला मिळेल ते कोणीतरी सांगा.